बसलाय, उभा आहे, पालथा पडलाय : देहस्थितीची रोजची स्पॅनिश वाक्यं कशी शिकावीत

स्पॅनिश शिकणाऱ्याला ओळख करून देणं, बाजारहाट, हवापाणी हे सगळं जमायला लागतं आणि मग समोर एक फोटो येतो. बाकावर एक बाई बसली आहे, शेजारी मुलगा उकिडवा बसून कुत्र्याला कुरवाळतोय, मागे एक जण भिंतीला टेकून उभा आहे. इथे बोलणं अडतं. स्पॅनिशच्या प्रमाणपत्रासाठी असलेल्या डेले परीक्षेच्या ए-२ आणि बी-१ पातळीला तोंडी भागात फोटोचं वर्णन करावं लागतं, त्यामुळे हा विषय टाळून चालत नाही. परदेशात डॉक्टरांनी ‘कुशीवर वळा’ म्हटलेलं कळलं नाही, तर त्याहून पंचाईत.

बहुतेकांची चूक एकाच जागी होते. मराठीतून स्पॅनिशकडे जाताना आपण मध्ये इंग्रजीत थांबतो. ‘तो बसलाय’ हे आधी ‘ही इज सिटिंग’ होतं आणि त्यातल्या ‘इंग’ला धरून ‘एस्ता सेन्तान्दो’ असं चुकीचं वाक्य तोंडातून निघतं. मराठीत ‘बसतोय’ आणि ‘बसलाय’ ही दोन वेगळी रूपं आहेत आणि स्पॅनिशला नेमका हाच भेद हवा असतो. म्हणून खालच्या सगळ्या टप्प्यांत इंग्रजी बाजूला ठेवायचं आहे.

## सुरू करण्याआधीची तयारी

देश ठरवा. स्पेन की लॅटिन अमेरिका, हे आधी पक्कं करा. इतर विषयांत दोन्हींची सरमिसळ खपून जाते, इथे खपत नाही. ‘पारादो’ म्हणजे मेक्सिको किंवा अर्जेंटिनात ‘उभा’. स्पेनमध्ये तोच शब्द ‘थांबलेला’ किंवा थेट ‘बेकार’ या अर्थाने ऐकला जातो. ‘दे प्ये’ मात्र दोन्हीकडे ‘उभा’च. ठरत नसेल तर ‘दे प्ये’ धरा.

वहीची दोन पानं समोरासमोर घ्या. डाव्या पानावर ‘स्थिती’, उजव्यावर ‘हालचाल’. एकही शब्द दोन्ही पानांवर एकाच रूपात येता कामा नये. वहीत स्पॅनिश स्पेलिंग रोमन लिपीतच लिहा. या लेखातली देवनागरी फक्त उच्चारासाठी आहे.

शब्दकोश हाताशी ठेवा. रेआल आकादेमिया एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट बघता येतो आणि कुठला अर्थ कुठल्या देशातला, हे त्यात संक्षेपाने दिलेलं असतं. शंका आली की तिथे बघा, भाषांतराच्या ॲपवर नको.

उच्चार आधी लावून घ्या. त आणि द मराठीतलेच, दाताला जीभ लावून. ‘एस्टोय’ नव्हे, ‘एस्तोय’. ‘आगाचादो’तला च ‘चार’मधला, ‘चाक’मधला नाही. दुहेरी र चांगला थरथरवा, कारण ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा आणि ‘पेरो’ म्हणजे पण. मी इथे लॅटिन अमेरिकेचे उच्चार दिले आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात ‘क्रुसादो’चा ‘क्रुथादो’ होतो.

जागा मोकळी करा. जमिनीवर आडवं पडता येईल एवढी. वाक्य म्हणताना ती स्थिती अंगाने घ्यायची आहे. खुर्चीत बसून ‘मी पालथा पडलोय’ घोकलं, तर दोन दिवसांनी ‘पालथा’ आणि ‘उताणा’ यांची अदलाबदल झालीच म्हणून समजा.

## टप्पा १ : मराठी शब्द नेमका करा

स्पॅनिश शब्द शोधण्याआधी शरीर नेमकं कसं आहे, ते मराठीत एका शब्दात सांगा. आपल्याकडे शब्दांची चैन आहे: उभा, बसलेला, उकिडवा, मांडी घालून, ओणवा, उताणा, पालथा, कुशीवर, पाठमोरा, रेललेला, लवंडलेला, चवड्यांवर. यातल्या बहुतेकांना स्पॅनिशमध्ये सरळ जोडीदार सापडतो.

‘झोपलाय’ या शब्दापाशी मात्र थांबा. मराठीत आडव्या पडलेल्या माणसालाही आपण ‘झोपलाय’ म्हणतो, मग तो डोळे टक्क उघडे ठेवून मोबाइल बघत का असेना. स्पॅनिशमध्ये झोप लागलेला तो ‘दोर्मीदो’ आणि नुसता आडवा झालेला ‘आकोस्तादो’. स्पेनमध्ये सोफ्यावर किंवा वाळूत पडलेला असेल तर ‘तुम्बादो’. उशीला टेकून अर्धवट लवंडलेला असेल तर ‘रेकोस्तादो’. फोटोतल्या माणसाचे डोळे उघडे असताना ‘दोर्मीदो’ म्हटलंत, तर परीक्षकाला ते लगेच खटकतं.

तपासणी: घरातल्या तीन माणसांकडे बघून त्यांची स्थिती ‘झोपलाय’ आणि ‘पडलाय’ हे दोन शब्द न वापरता मराठीत सांगा. अडलात तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : स्थिती सांगा

आता डावं पान. देहस्थितीसाठी क्रियापद नेहमी ‘एस्तार’: एस्तोय, एस्तास, एस्ता, एस्तामोस, एस्तान. आपल्या ‘असणे’ला स्पॅनिशमध्ये ‘सेर’ असाही जोडीदार आहे, पण तो इथे चालत नाही. ‘सोय सेन्तादो’ कुणी म्हणत नाही.

एस्तारनंतर येणारे शब्द दोन गटांत वाटा.

पहिला गट, शेवट बदलणारा. सेन्तादो (बसलेला), आकोस्तादो (आडवा), आर्रोदियादो (गुडघे टेकलेला), आगाचादो (खाली वाकलेला किंवा दबलेला), इन्क्लिनादो (पुढे झुकलेला), एन्कोर्बादो (पोक काढलेला), आपोयादो (टेकलेला), आकुर्रुकादो (अंग मुडपून पडलेला). बाई असेल तर ‘दो’चा ‘दा’, अनेक असतील तर शेवटी ‘स’. बसलाय, बसलीये, बसलेत असं आपण रोज करतोच, त्यात नवीन काही नाही.

- एल निन्यो एस्ता सेन्तादो : मुलगा बसलाय.
- ला सेन्योरा एस्ता सेन्तादा : बाई बसल्या आहेत.
- मिस पाद्रेस एस्तान सेन्तादोस : आईबाबा बसले आहेत.

मिश्र घोळक्याला पुल्लिंगी अनेकवचन. सगळ्या बायकाच असतील तर ‘सेन्तादास’.

दुसरा गट, न बदलणारा. दे प्ये (उभ्याने), दे रोदियास (गुडघ्यांवर), एन कुक्लीयास (उकिडवं), बोका आर्रीबा (उताणं), बोका आबाहो (पालथं), दे लादो किंवा दे कोस्तादो (कुशीवर), दे एस्पाल्दास (पाठमोरं), आ गातास (रांगत्या स्थितीत). बाई असो, बुवा असो, दहा जण असोत, यांना हात लावायचा नाही. चवड्यांवर उभं राहण्याला स्पेनमध्ये ‘दे पुन्तीयास’ म्हणतात, मेक्सिकोत ‘दे पुन्तीतास’.

पहिला गट आला की लोकांना सगळंच बदलायची सवय लागते, आणि ‘एस्तान दे प्येस’, ‘एस्ता एन कुक्लीया’ सुरू होतं. उभे पन्नास जण असले तरी ‘दे प्ये’ आणि उकिडवा एकटा असला तरी ‘एन कुक्लीयास’.

> सावधान: ‘दे एस्पाल्दास’चे दोन अर्थ आहेत. उभ्या माणसाबद्दल म्हटलं तर तो पाठमोरा, आडव्या माणसाबद्दल म्हटलं तर उताणा. उताण्यासाठी ‘बोका आर्रीबा’च वापरा, म्हणजे घोळ होत नाही.

‘बोका आबाहो’ आणि आपलं ‘पालथं’ यांचं छान जमतं. माणूस पालथा, ग्लास पालथा, पत्त्यातलं पान पालथं, सगळ्यांना दोन्ही भाषांत तोच शब्द.

‘मांडी घालून’साठी एक शब्द शोधत बसू नका. ‘कोन लास प्येर्नास क्रुसादास’, म्हणजे पाय एकमेकांवर घेऊन, असं म्हणतात; पण खुर्चीवर पायावर पाय टाकून बसलेल्यालाही हेच म्हणतात. म्हणून जागा सांगणं भाग आहे: ‘सेन्तादा एन एल स्वेलो कोन लास प्येर्नास क्रुसादास’. ‘स्वेलो’ म्हणजे जमीन. जागा गाळली तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा खुर्चीच येते.

तपासणी: पाच जणांच्या फोटोवर दोन्ही गटांतली मिळून पाच वाक्यं लिहा. मग सगळ्या पुरुषांच्या जागी बायका कल्पून तीच पुन्हा लिहा. दुसऱ्या गटातलं एकही अक्षर बदललं असेल, तर हा टप्पा परत करा.

## टप्पा ३ : हालचाल सांगा

आता उजवं पान, आणि खरी मेख इथेच आहे. स्थितीत जाण्याची क्रिया वेगळी आणि ती बहुधा ‘से’ घेऊन येते: सेन्तार्से (बसणं), लेबान्तार्से (उठणं), आकोस्तार्से (आडवं होणं), आगाचार्से (खाली वाकणं), आर्रोदियार्से (गुडघे टेकणं), आपोयार्से (टेकणं).

हे तीन नमुने शेजारी शेजारी लिहा:

- से स्येन्ता : बसतो.
- से एस्ता सेन्तान्दो : बसतोय, म्हणजे अजून बूड टेकायचं आहे.
- एस्ता सेन्तादो : बसलाय.

मधलं वाक्य रोजच्या बोलण्यात क्वचितच लागतं, कारण बसायला वेळ तो किती लागणार! फोटोत तर जवळजवळ नेहमी तिसरंच हवं असतं. ‘से’ गाळून ‘एस्तोय सेन्तान्दो’ म्हटलं, तर त्याचा अर्थ होतो ‘मी (कुणाला तरी) बसवतोय’. ऐकणारा ‘कुणाला?’ म्हणून वाट बघत राहतो. मूल खुर्चीत बसवत असाल तर हे वाक्य अगदी बरोबर: ‘एस्तोय सेन्तान्दो आल निन्यो’. बसणे आणि बसवणे हा फरक मराठीला नवा नाही. स्पॅनिशमध्ये तो ‘से’ असण्या-नसण्यावर ठरतो, एवढंच.

दुसऱ्या गटातल्या शब्दांना मात्र स्वतःचं क्रियापद नसतं. ‘दे प्ये’ला क्रियापद बाहेरून लावायचं, आणि त्यासाठी तीन पुरतात:

- से पोने दे प्ये : उभा राहतो, बसला होता तो उठून.
- एस्ता दे प्ये : उभा आहे.
- से केदा दे प्ये : उभाच राहतो, बस म्हटलं तरी.

मराठीतलं ‘उभा राहतो’ पहिल्या आणि तिसऱ्या दोन्ही अर्थांनी चालतं, म्हणून इथे मराठीच दगा देते. मनात ‘उठून’ घालून बघा. शोभलं तर ‘से पोने’, आणि ‘उभाच’ असा ‘च’ शोभला तर ‘से केदा’. हीच तिन्ही क्रियापदं ‘दे रोदियास’, ‘एन कुक्लीयास’, ‘बोका आबाहो’ यांना लावून म्हणा, आणि म्हणता म्हणता करा.

‘तासभर उभा आहे’ यासाठी चौथं एक क्रियापद लागतं: ‘येबो उना ओरा दे प्ये’. बसच्या रांगेत रोज म्हणावंसं वाटेल असं वाक्य आहे.

> सावधान: ‘मे स्येन्तो’ म्हणजे ‘मी बसतो’ आणि ‘मला वाटतं’सुद्धा. सेन्तार्से आणि सेन्तीर्से या दोघांचं हे रूप सारखं आहे. तिसऱ्या पुरुषात ती वेगळी होतात: ‘से स्येन्ता’ बसतो, ‘से स्येन्ते’ वाटतं. पुढे ‘ब्येन’ (बरं) किंवा ‘माल’ (वाईट) आलं तर बहुधा तब्येतीची गोष्ट, ‘आकी’ (इथे) आलं तर बसण्याची.

> सावधान: ‘आकोस्तार्से’च्या पुढे ‘कोन’ (सोबत) आणि माणसाचं नाव लावलं की अर्थ शय्यासोबतीचा होतो. मुलाला शेजारी घेऊन आडवं झालात, तर ‘आल लादो दे’ (शेजारी) म्हणा. तसंच हातापायांवर रांगण्यासाठी ‘आ गातास’ म्हणा. ‘एन क्वात्रो’ला बऱ्याच ठिकाणी चावट अर्थ आहे.

## टप्पा ४ : सांगणं आणि ऐकणं

आज्ञार्थ आधी ऐकायला शिका, बोलायला नंतर. तुम्हाला कुणी ‘वळा’ म्हणण्याची शक्यता तुम्ही कुणाला म्हणण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

दवाखान्यातला क्रम साधारण असा चालतो. डॉक्टर तुम्हाला अहो-जाहो करणार, म्हणजे ‘उस्तेद’चं रूप:

1. सूबासे आ ला कामीया. (तपासणीच्या टेबलावर चढा.)
2. आक्वेस्तेसे बोका आर्रीबा. (उताणे व्हा. स्पेनमध्ये ‘तुम्बेसे’ ऐकू येईल.)
3. दोब्ले लास रोदियास. (गुडघे मुडपा.)
4. रेस्पीरे ओन्दो. (खोल श्वास घ्या.)
5. आओरा पोन्गासे दे लादो. (आता कुशीवर व्हा.)
6. नो से म्वेबा. (हलू नका.)
7. या प्वेदे सेन्तार्से. (आता उठून बसलात तरी चालेल.)

दुसऱ्याला वाचायला सांगा आणि तुम्ही पलंगावर ते करा. क्रम पाठ झाला की त्याला मधूनच क्रम मोडायला सांगा. पाठांतर झालंय की समजतंय, ते तिथे कळतं.

घरातली अरे-तुरेची रूपं: स्येन्ताते (बस), लेबान्ताते (ऊठ), आगाचाते (खाली वाक), दाते ला ब्वेल्ता (वळ). आईचं आवडतं वाक्य: ‘पोन्ते देरेचो!’ म्हणजे पोक काढू नकोस. मुलीला म्हणताना ‘देरेचा’. ‘आ ला देरेचा’ असं आलं तर मात्र ते ‘उजवीकडे’.

नकार आला की शब्दांची जागा बदलते: ‘स्येन्ताते’, पण ‘नो ते स्येन्तेस’, ‘लेबान्ताते’, पण ‘नो ते लेबान्तेस’. ‘ते’ पुढे सरकतो आणि शेवटचा स्वरही बदलतो. ‘नो स्येन्ताते’ ही सगळ्यात सरसकट ऐकू येणारी चूक आहे.

> सावधान: ‘पाराते’ मेक्सिकोत ‘उभा राहा’, स्पेनमध्ये ‘थांब’. अर्जेंटिनात ‘तू’साठी ‘बोस’ हे वेगळं सर्वनाम आणि त्याची रूपं चालतात, तिथे ‘बस’साठी ‘सेन्ताते’ म्हणतात आणि जोर ‘ता’वर पडतो.

## टप्पा ५ : हातपाय जोडा

स्थितीला ‘कोन’ लावून अवयव जोडायचे: कोन लास मानोस एन लोस बोल्सीयोस (खिशात हात घालून), कोन लोस ब्रासोस क्रुसादोस (हाताची घडी घालून), कोन लोस प्येस हुन्तोस (पाय जुळवून). ‘मानो’चा शेवट ओ असला तरी शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘लास मानोस’.

‘माझे’, ‘त्याचे’ घालू नका. ‘हात वर कर’ म्हणताना आपण ‘तुझा हात’ म्हणत नाही. स्पॅनिशही म्हणत नाही: ‘लेबान्ता ला मानो’. मालकी घुसली की समजावं, इंग्रजी परत आली.

कमरेवर हात ठेवून उभं राहणं म्हणजे ‘कोन लोस ब्रासोस एन हार्रास’. हार्रा म्हणजे कान असलेला सुरईसारखा जग, आणि कोपरं बाहेर काढलेले दोन हात म्हणजे त्याचे कान. आपल्याला ही मूर्ती शिकवायला नको: ‘बिठोबा एस्ता दे प्ये सोब्रे उन लाद्रीयो, कोन लोस प्येस हुन्तोस इ लोस ब्रासोस एन हार्रास.’ लाद्रीयो म्हणजे वीट. समचरण आणि कटेवर कर, दोन्ही एकाच वाक्यात आले, आणि न बदलणाऱ्या गटाचा सरावही झाला.

## टप्पा ६ : शब्दशः न घ्यायची वाक्यं

फार वेळ घालवू नका, पण ऐकू आली तर ओळखता यावीत.

- केदार्से दे ब्रासोस क्रुसादोस : हातावर हात ठेवून स्वस्थ बसणं.
- ला कासा एस्ता पातास आर्रीबा : घरात नुसती उलथापालथ.
- दोर्मीर आ प्येर्ना स्वेल्ता : ढाराढूर झोपणं.
- काएर दे प्ये : नशिबाने निभावून जाणं.
- सीगे एन प्ये लो दे मान्याना? : उद्याचं ठरलेलं आहे ना अजून?

शेवटच्यात ‘एन प्ये’ आहे, ‘दे प्ये’ नाही. माणूस दे प्ये उभा असतो, बेत एन प्ये.

## टप्पा ७ : चित्राचं वर्णन

सरावाला अनोळखी फोटोंपेक्षा एक ठरावीक चित्र घ्या आणि त्यावरच घासा. मी स्पॅनिश चित्रकार बेलास्केसचं ‘लास मेनिनास’ (राजकन्येच्या सख्या) सुचवेन. १६५६ सालचं हे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे आणि त्याची मोठी प्रत इंटरनेटवर सहज मिळते. एकाच चौकटीत इतक्या वेगवेगळ्या देहस्थिती आहेत, की जणू या धड्यासाठीच काढलं असावं.

क्रम पाळा: आधी कोण, मग एस्तार आणि स्थिती, मग जागा, सगळ्यात शेवटी हातपाय.

- ला इन्फान्ता एस्ता दे प्ये, एन एल सेन्त्रो. (राजकन्या मधोमध उभी आहे.)
- उना मेनिना एस्ता आर्रोदियादा आ सु लादो. (एक सखी तिच्या बाजूला गुडघे टेकून आहे.)
- ला ओत्रा एस्ता उन पोको इन्क्लिनादा. (दुसरी किंचित झुकलेली.)
- एल पेर्रो एस्ता एचादो एन एल स्वेलो. (कुत्रा जमिनीवर बसलाय. पाय मुडपून बसलेल्या जनावराला ‘एचादो’.)
- एल निन्यो त्येने एल प्ये सोब्रे एल पेर्रो. (मुलाने कुत्र्यावर पाय ठेवलाय.)
- एल पिन्तोर एस्ता दे प्ये, कोन एल पिन्सेल एन ला मानो. (चित्रकार हातात कुंचला घेऊन उभा.)

मागच्या दारातला, पायऱ्यांवरचा माणूस मुद्दाम सोडलाय. त्याचं वाक्य तुम्ही करा. ‘पायऱ्या’ला ‘एस्कालेरा’, दाराला ‘प्वेर्ता’.

हे वर्णन मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि लगेच नाही, दुसऱ्या दिवशी ऐका. ऐकताना कागदावर चारच गोष्टींची नोंद ठेवा: ‘सेर’ कुठे घुसलं का, बाईला ‘दो’ लागलं का, ‘दे प्ये’ची मोडतोड झाली का आणि ‘न्दो’ने संपणारं रूप विनाकारण आलं का. शेवटची चूक एकदा जरी सापडली, तर तेवढं वाक्य मराठीत ‘बसलाय’च्या धर्तीवर म्हणा, मग स्पॅनिशमध्ये, आणि पुन्हा रेकॉर्ड करा. चारही रकाने कोरे राहिले की चित्र बदला.